एका बाटलीवर थांबलेला जावई

माझ्या बापाला माणूस ओळखायची एकच रीत ठाऊक आहे. बिअरची बाटली. ट्रॅक्टरवर ड्रायव्हर ठेवायचा असो, नाहीतर चुलतबहिणीला स्थळ बघायचं असो, आबा त्या माणसाला विहिरीवरच्या चिंचेखाली नेणार, त्याच्या पुढ्यात थंडगार बाटली ठेवणार आणि स्वतः शेंगा फोडत गप्प बसणार. एका बाटलीवर थांबला तर माणूस कामाचा. दुसरीकडं हात गेला की विषय संपला. आणि कुणी ‘मी घेत नाही’ म्हणालाच, तर त्याची धडगत नाही. “घेत न्हाय मंजी लपवतोय,” असं आबा छातीठोकपणे सांगतात. स्वतः मात्र थेंबाला शिवत नाहीत. अख्खं शेळगाव ह्या परीक्षेला मागनं हसतं, पण आबांच्या तोंडावर हसायची छाती कुणाची नाही.

यंदाच्या अधिक महिन्यात ह्या परीक्षेला माझा नवरा बसला. आणि माझ्या नवऱ्याला बिअर म्हणजे विष.

रणजित बारामतीजवळच्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट आहे. तिथं मळी आंबवून अल्कोहोल करतात. घरी यायचा तो त्या आंबूस वासासकट. त्यात माणूस वाळून काडी झालेला, तोंडावर रक्त नाही, आठवड्यातनं चार दिवस पोट बिघडलेलं, जेवला की उमासे. सहा वर्षं मी हे बघत होते. दुसऱ्या कुठल्याही बाईनं जो अर्थ काढला असता तोच मी काढला. कारखान्यात फुकटची मिळते, हा पितोय. तो शपथा घ्यायचा. मी म्हणायचे, पिणारे सगळेच शपथा घेतात. आणि एक दिवस रागाच्या भरात मी आबांना फोन लावला आणि म्हणाले, “आबा, हा माणूस पितो.” एवढंच एक वाक्य. डोळ्यांनी मी त्याला एकदाही पिताना बघितलं नव्हतं.

मग माझ्या धाकट्या भावाचं, विजयसिंहाचं लग्न निघालं. हळदीच्या दुपारी त्याच्या मित्रांनी दाजी दाजी करत रणजितला दोन बाटल्या बिअर पाजली. तो कधी घेत नसे, पण मेव्हण्याच्या हळदीला नाही कसं म्हणायचं? वर पंगतीत पुऱ्या खाल्ल्या. तास-दीड तासानं भर मांडवात ओकला. कपडे खराब झाले. चौघांनी उचलून आत नेला. चारशे माणसं बघत होती आणि आबा खांबाला धरून उभे होते. त्याच दिवशी त्यांनी मला आणि आमच्या चार वर्षांच्या संस्कृतीला ठेवून घेतलं. “बेवड्याच्या घरात माझी लेक नांदणार न्हाय.” मीही राहिले. रागानं राहिले.

दीड महिन्यानं रणजितचा फोन आला. बारामतीच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून तपासलं होतं. सिलिअ‍ॅक. गहू आणि जव पोटात गेलं की ह्याचं आतडं स्वतःलाच सोलून काढतं. जन्मभर चपाती बंद, पाव बंद, बिस्कीट बंद, रवा, शेवया बंद. आणि बिअर जवाची, म्हणून तीही बंद. “मळीच्या दारूत गहू-जव काही नसतं, ती एक वेळ चालेल म्हणाले डॉक्टर,” असं सांगून तो फोनवर हसला. “बघ, जी मी पितो म्हणून तू ओरडायचीस, नेमकी तीच चालते.” मला हसू येईना. फोन कानाला लावून मी ढसाढसा रडले. लाजेनं रडले. सहा वर्षं मी एका आजारी माणसाला शिव्या दिल्या होत्या.

आबांना मी आजाराचं सांगितलं. रिपोर्टची झेरॉक्स पुढं ठेवली. त्यांनी ती बघितलीसुद्धा नाही. “गव्हानं कुणाला काय हुतंय? शेंबडं पोर बी चपाती खातंय. कागुद काय, कुणी बी छापून देतंय.” पण खरी गोष्ट मी त्यांना सांगितलीच नाही. पितो म्हणून मी जे सांगितलं होतं ते खोटं होतं, हे तोंडातनं निघेना. ज्या बापापुढं कधी मान खाली घातली नाही, त्याच्यापुढं कुठल्या तोंडानं म्हणू?

पळून जाऊ म्हटलं तर रणजितच नको म्हणायचा. “तशी येऊ नको, माधवी. आबांनी हातानं पाठवलं पाहिजे. नाहीतर शेळगावात मी जन्मभर बेवडा जावईच राहीन.” असे पाच महिने गेले. मग अधिक ज्येष्ठ आला. अधिकात जावयाला धोंड्याचं जेवण घालायचं, पाय धुवायचे, अनारशांचं वाण द्यायचं, ही रीत. रीत मोडायची आबांची तयारी नव्हती. “बोलाव त्येला. धोंडा हाय, रीत मोडायची न्हाय. माणूस बघतो, मग तुला धाडायचं का न्हाय ते बोलू. आन पाय विजय धुईल. माझं गुडघं वाकत न्हाईत.”

धाडायचं म्हणे. मी काय म्हैस आहे? पण गप्प बसले. एवढा एक दिवस नीट पार पडला की मी माझ्या घरी जाणार होते.

आठ दिवस मी त्याच तयारीत होते. बारामतीहून नवं पोळपाट आणलं, नवं लाटणं, नवी चाळण, नवं भांडं. सगळ्यांना लाल दोरा बांधला, म्हणजे कुणी चुकून त्यात कणीक मळायला नको. धोंडे म्हणजे गव्हाच्या पारीत पुरण भरून उकडलेले गोळे. मी रणजितसाठी तांदळाच्या उकडीचे करायचे ठरवले. अनारसे तर तांदळाचेच असतात, त्यांची काळजी नव्हती. वहिनी, म्हणजे विजयसिंहाची मोना, हसायची. “ताई, दोरं बांधून भांड्यांची लग्नं लावताय व्हय?”

आणि आदल्या दिवशी मी फोनवर रणजितला बजावलं, “जेवणाचं सगळं मी बघते. तुम्ही फक्त एक करा. आबा जे म्हणतील, जे देतील, त्याला नाही म्हणू नका. एक दिवस.” माझ्या डोळ्यापुढं धोतराचं पान होतं, टोपी होती, वाण होतं. अधिकात आबा अंडंसुद्धा घरात येऊ देत नाहीत, तर बाटली कुठनं येणार? असं मी धरून चालले होते.

अकराच्या सुमाराला रणजितची मोटरसायकल शेजारच्या अंथुर्ण्याच्या बाजूनं आली. मी खिडकीतनं बघितलं. अंगावर सहा किलो चढलं होतं, गालावर रंग आला होता. संस्कृती धावत जाऊन बिलगली. मला वाटलं, आबांनी नुसतं तोंडाकडं बघितलं तरी कळेल त्यांना. आबांनी बघितलं आणि म्हणाले, “या पाव्हणं. जेवाय अवकाश हाय. मळ्यात चक्कर मारू.” विजयसिंह मागनं पिशवी घेऊन गेला. पुरण शिजत होतं, मी मान वर केली नाही.

बाराला मोनानं फ्रिज उघडला आणि म्हणाली, “अगं बया, त्या तीन बाटल्या गेल्या वाटतं.”

“कसल्या बाटल्या?”

“आबांनी काल राती आणून मागं ठेवल्यात्या की. पाव्हण्यासाठी. मटण वर्ज्य हाय, बिअरला शास्त्रात कुठं न्हाय म्हटलंय, आसं म्हणत हुतं.”

मी पळी तशीच टाकली. फोन लावला. रणजितचा फोन आतल्या खोलीत चार्जिंगला वाजला. विजयसिंहाला लावला, तो उचलेना. ‘नाही म्हणू नका.’ मीच म्हणाले होते. माझ्याच तोंडानं.

“आई, मी विहिरीवर जाऊन येते.”

आई, शकुबाई तिचं नाव, अनारसे ताटात लावत होती. “बाप्ये बसल्याती तितं तू कुठं निघालीस? लोक काय म्हणतील?”

“लोक गेले खड्ड्यात,” मी म्हणाले आणि पाण्याची कळशी उचलून निघाले. कळशी आपली निमित्ताला.

ऊन कसलं ते! दोन्ही बाजूंनी ऊस, मधून गाडीवाट, वारा म्हणून नाही. चप्पल धुळीत रुतत होती. मी अर्धी पळत, अर्धी चालत होते आणि डोक्यात हिशेब चालला होता. कधी गेले? सव्वाअकरा. बाटली कधी फोडली असेल? त्यानं काहीतरी सांगून टाळलं असेल. तो हुशार आहे, केमिस्ट आहे, गोळी चालू आहे म्हणाला असेल. पण आबांच्या पुढ्यात टाळणारा म्हणजे लपवणारा. आणि रणजितला ते माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. देवा, त्याला एवढी एक अक्कल दे, भांड म्हणावं सासऱ्याशी, उठून ये म्हणावं, मी बघून घेईन पुढचं!

चिंचेखाली पोचले. आबा खाटेवर बसले होते, पायाशी टरफलांचा ढीग. विजयसिंह गालात हसत होता. रणजितच्या पुढं एक रिकामी बाटली. बाकीच्या दोन तशाच, टोपणासकट.

“माधे!” आबांनी इतक्या आनंदानं हाक मारली की पाच महिन्यांत तसा आवाज ऐकला नव्हता. “बघ तुझा नवरा! दोनदा म्हणलो, आणखी घ्या, आणखी घ्या. हात लावला न्हाय! एकावर थांबला माणूस. आरं, ह्यो कुठला बेवडा? लोकांनी उगं उठवलं व्हय?”

लोकांनी! मी रणजितकडं बघितलं. तो माझ्याकडं बघून हसला. कपाळावर घाम होता.

परतताना आबा आणि विजयसिंह पुढं, आम्ही चार पावलं मागं.

“अहो, वेड लागलंय का तुम्हाला?” मी दातओठ खात कुजबुजले.

“तूच म्हणालीस ना, नाही म्हणू नका.”

“अहो, खाण्याचं म्हणाले होते मी! सांगायचं नाही का?”

“काय सांगू? बिअर नको आबा, देशी असली तर चालेल?” त्या अवस्थेतसुद्धा त्याला विनोद सुचत होता. मग आवाज उतरला. “पावणेबाराला संपली बाटली. मला साधारण दीड तास लागतो. एकच्या आत निघालो तर अंथुर्णे ओलांडू. पुढं रस्त्याच्या कडेला काय व्हायचं ते होईल. इथं नको, माधवी. पिशवी भर.”

घरी पोचलो तेव्हा घड्याळात बारा पस्तीस झाले होते.

मी पाच मिनिटांत पिशवी भरली. संस्कृतीचे कपडे, माझ्या चार साड्या, वर रिपोर्टची फाईल. बाहेर येऊन म्हणाले, “आबा, ह्यांना दुपारच्या पाळीला जायचंय. आम्ही निघतो. धोंडे डब्यात घेते.”

“येडी का खुळी तू? धोंडं खाल्ल्याबिगर जावई जातोय व्हय?” आबा आज कुणाचं ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. “विजय, पाट मांड. परात आण. आन तू सर बाजूला. पाय मीच धुणार.”

“आबा, तुमचं गुडघं...” मी म्हणाले.

“गुडघ्याला काय धाड भरलीय?”

‘पाय मीच धुणार.’ पाच महिने मी ह्याच वाक्याची वाट बघितली होती, आणि आता ते नेमकं नको त्या वेळी आलं होतं. पाट आला, परात आली, आई निरांजन लावायला लागली तर काडीच पेटेना. मोना कुंकू शोधत फिरत होती. मी घड्याळ बघत होते. पावणेएक. एकला दहा कमी. रणजित पाटावर ताठ बसला होता, दोन्ही हात पोटावर घट्ट धरून. ओठ पांढरे पडले होते. आबा एक एक पायरी उतरावी तसे हळूहळू खाली बसले. रणजितचा उजवा पाय परातीत घेतला. पाणी घातलं, अंगठा चोळला, टाच चोळली, टॉवेलानं पुसला, कुंकवाचं बोट लावलं. सगळं कसं सावकाश, प्रेमानं. मला ओरडावंसं वाटत होतं, आबा, लवकर करा हो!

डावा पाय घ्यायला आबांनी हात पुढं केला, आणि रणजित उठला. उठला म्हणजे उसळलाच. परात उलटली, पाणी सगळ्या पडवीत झालं, आणि तो तोंडावर हात दाबून मागच्या दारानं गोठ्याकडं पळाला. मग आवाज आले. सगळ्यांना ऐकू आले. संस्कृती रडायला लागली. मोनानं तिला उचलून आत नेलं.

आबा तसेच बसून राहिले, हातात तांब्या, धोतर भिजलेलं. हळूहळू त्यांच्या तोंडावरचा आनंद गेला आणि तिथं हळदीच्या दिवशीचं तोंड आलं.

“एका बाटलीत आसं हुतंय व्हय?” ते म्हणाले. “आता कळलं. घरनंच ढोसून आलाय. म्हणून हितं एकावर थांबला. मला फसवाय बघतोय. मला!”

विजयसिंहानं मान खाली घातली. आई भिंतीकडं बघत होती. रणजितनं विष पिऊन परीक्षा पास केली होती, आणि त्याच विषानं तो नापास झाला होता. आता मी तोंड उघडलं नाही तर ते कधीच उघडणार नव्हतं.

“आबा, तो पितो म्हणून तुमाला कुणी सांगितलं?” मी विचारलं.

“सगळं गाव सांगतंय.”

“गाव न्हाय. मी सांगितलं. फोन करून सांगितलं. आठवतंय?”

आबांनी वर बघितलं.

“ते खोटं हुतं. मी कधी बाटली बघितली न्हाय, त्याला पिताना बघितलं न्हाय. कपड्याला वास यायचा तो मळीचा. ओकायचा तो माझ्या चपातीनं. सहा वर्षं मी त्याला रोज माझ्या हातानं चपात्या वाढल्या आन त्यालाच बेवडा म्हटलं. माझ्या एका वाक्यावर तुमी धरून बसला.” मी हुंदके देत होते, पण थांबले नाही. “त्या बिअरमधी जव असतंय. त्याला ठाऊक हुतं काय हुणार ते. तरी प्याला. का, तर आबा देतील त्याला न्हाय म्हणू नका, असं मी सांगितलंवतं. मला घरी न्यायचंय म्हणून प्याला तो. आता घाला शिव्या. पण त्याला न्हाय, मला घाला.”

“म्या पाजली?” आबांचा आवाज एकदम बारीक झाला.

“व्हय. तुमीच पाजली.”

चुलीवरचं भांडं खदखदत होतं, ते उतरवायचं भानसुद्धा कुणाला नव्हतं. आबांनी पिशवीतनं डोकावणाऱ्या फाईलकडं बघितलं. उचलली नाही.

मग भिंतीला धरून उठले. हौदात तांब्या बुडवून भरून घेतला, खांद्यावर टॉवेल टाकला.

“पिशवी बांधलीयास, तशीच असू दे,” माझ्याकडं न बघता म्हणाले. “उद्या सकाळी मी सोता घालवाय येतो बारामतीपातूर. आज ह्या माणसाला हलवायचा न्हाय.”

ते गोठ्याकडं गेले. मी मागनं गेले. रणजित दावणीजवळच्या दगडावर बसला होता, डोळे मिटून, भिंतीला डोकं टेकून. पळताना चप्पल घातली नव्हती. उजवा पायही आता परत मातीत बरबटला होता, त्यावरचं कुंकू पसरलं होतं. आबांनी आधी त्याच्या तोंडावर पाणी मारलं, चूळ भरायला ओंजळ दिली, टॉवेलानं तोंड पुसलं. मग एका हातानं दावण धरून ते खाली वाकायला लागले. गुडघा कडकडला.

“आबा, राहू द्या हो,” रणजित कसाबसा म्हणाला.

“गप बसा. डावा पाय ऱ्हायलाय,” आबा म्हणाले आणि शेणामातीत मांडी घालून बसले.